नावावर पातं

माझ्या नातीने, अर्शीने, पुस्तक काढलं आणि त्याची पहिली प्रत माझ्या नावाने केली. प्रत म्हणजे कागद नव्हता, ती फोनवर होती. प्रत्येक पानाच्या अगदी तळाशी, काठाला लागून, बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं : प्रत क्रमांक १, गुलाम रसूल जिल्दसाज, लातूर.

"दादा, जो विकत घेईल त्याचं नाव असंच तळाशी येणार," ती म्हणाली. आमच्याकडे आजोबांना दादा म्हणतात. घरात आम्ही दखनी बोलतो, पण मला लिहिता येतं ते मराठीच, म्हणून इथे सगळं मराठीत लिहितो. "हे नाव म्हणजे कुलूप समजा. ज्याचं नाव पानावर, तो दुसऱ्याला प्रत देताना दहादा विचार करील."

पुस्तक खेळाचं होतं, पण त्याला पट नाही की सोंगट्या नाहीत. चार-पाच जणांनी गोल बसायचं. एकाने कारभारी होऊन गोष्ट सांगायला घ्यायची आणि बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं. कुणी सुतार, कुणी नर्स, कुणी शाळेचा मास्तर. भूकंपात पडलेलं गाव पुन्हा उभं करायचं. आधी विहीर की आधी शाळा, यावर भांडायचं, आणि अडलं की फासे टाकायचे. खेळाचं नाव 'गाव पुन्हा'. असे खेळ इंग्रजीत पुष्कळ आहेत म्हणे, आणि त्यांची पुस्तकं अशीच फोनवर विकली जातात. मराठीत तिला एकही सापडलं नाही, म्हणून तिने लिहिलं.

"यात जिंकतं कोण?" मी विचारलं.

"कुणीच न्हाई. गाव टिकलं तर टिकलं."

मला ते पटलं.

चित्रं अयोध्याने काढली होती. अयोध्या माझा जुना दोस्त ग्यानोबा याची नात. डॉक्टरकीच्या परीक्षेच्या क्लाससाठी ती लातूरला आली तेव्हा ग्यानोबाने होस्टेल बघितलं नाही. सरळ आमच्या दारात ट्रंक ठेवली आणि म्हणाला, "रसूलभाई, पोर तुमच्या घरात ठिवतो." दोन वर्षं दोघी पोरी एका खोलीत राहिल्या, एका दिव्याखाली अभ्यास केला आणि दोघींनाही मार्क कमी पडले. अभ्यासाच्या वह्यांच्या समासात अयोध्या बैल, पडक्या भिंती, पाण्याच्या टाक्या काढायची. अर्शी त्या चित्रांना गोष्टी लावायची. खेळ तिथून निघाला. मग अयोध्या नांदेडला फ्लेक्सच्या दुकानात डिझाइनच्या कामाला लागली, आणि अर्शी इथेच एका क्लासमध्ये प्रश्नपत्रिका टाइप करू लागली.

पहिल्या तीन आठवड्यांत दोनशेच्या वर प्रती गेल्या. चारशे गेल्या की दुसरं पुस्तक काढायचं, ते छापायचं, आणि त्याची जिल्द, म्हणजे पुस्तकाची बांधणी, मी करायची, असं पोरींचं ठरलं होतं; माझा धंदाच तो.

मला फोनवर वाचता येत नाही. बोट लागलं की पान पळतं. म्हणून एके दिवशी अर्शीकडून पेन ड्राइव्ह मागून घेतली आणि शेजारच्या मोहसीनच्या झेरॉक्सच्या दुकानात गेलो. क्लासची पोरं नोट्स आणतात, मोहसीन छापतो, मी बांधतो. वीस वर्षं आमचं असंच चाललं आहे.

मोहसीनने पहिलं पान छापून दाखवलं. मी ते हातात धरलं आणि थांबलो. तळाशी माझं नाव इतकं काठाला होतं, की शिलाई करून तळ कापायला घेतला असता तर पातं बरोबर नावावर आलं असतं.

"हे नाव काढ बाबा," मी म्हणालो.

"चचा, आपलं नाव कुणी काढतं का?"

"काढ. मी नावावर पातं चालवत न्हाई."

याला कारण आहे. ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

भूकंप झाला त्या साली मी एक्केचाळीस वर्षांचा होतो आणि मला एक अक्षर येत नव्हतं. जिल्दसाजाला अक्षर लागत नाही. उस्ताद सांगायचे, कागदाचा दाणा बघ, धागा बघ, काठ बघ. त्या हिवाळ्यात किल्लारीकडच्या एका गावच्या शाळेचं रजिस्टर बांधायला आलं. ढिगाऱ्यातून काढलेलं, भिजून वाळलेलं, तळाचा काठ कुजलेला. मी पानं सोडवली, साफ केली, शिवली आणि कुजका काठ दोन बोटं रुंद कापून टाकला. काम चांगलं झालं म्हणून मनात खूशही झालो.

रजिस्टर न्यायला हेडमास्तरांबरोबर एक शेतकरी आला होता. तो ग्यानोबा. त्याने तिथेच उभ्याने पानं उलटली. बोट एका पानावर खालपर्यंत नेलं, पुन्हा वर आणलं, पुन्हा खाली नेलं.

"माझ्या पोराचं नाव न्हाई ह्याच्यात," तो म्हणाला.

त्याचा मारोती तिसरीत होता. घर गेलं, कपडे गेले, फोटो कधी काढलाच नव्हता. पोराचं नाव लिहिलेलं एकच ठिकाण उरलं होतं, ते हे रजिस्टर. प्रत्येक पानाची शेवटची ओळ माझ्या पात्याने नेली होती.

कात्रणांचं पोतं अजून दुकानातच होतं, रद्दीवाला यायचा होता. ग्यानोबा चौथी शिकलेला. त्याने एका चिठ्ठीवर पोराचं नाव लिहून माझ्या गुडघ्याजवळ ठेवलं आणि आम्ही दोघं पोत्याला बसलो. दोन दिवस. मी अक्षर वाचत नव्हतो, आकार जुळवत होतो, काना, मात्रा, वेलांटी. दुसऱ्या दिवशी दुपारी ती पट्टी माझ्याच हाताला लागली. मैद्याची खळ लावून मी ती जागेवर चिकटवली. ग्यानोबाने तिच्यावर हात ठेवला आणि खळ वाळेपर्यंत काढला नाही.

मला वाचता आलेला पहिला शब्द म्हणजे मारोती. बाकीची अक्षरं त्याच्या मागून आली. आणि तेव्हापासून मी नावावर पातं चालवलं नाही.

मोहसीनला यातलं थोडं माहीत होतं. त्याने कॉम्प्युटरवर सगळ्या पानांच्या तळाला एक पांढरी पट्टी टाकली आणि छापायला घेतलं. पाठपोट छापून अठ्ठेचाळीस कागद झाले. पेन ड्राइव्ह मी आठवणीने काढून खिशात ठेवली. दुकानाची पायरी उतरताना गठ्ठा हातातून निसटला आणि सगळे कागद एकमेकांत गेले. गोळा करताना ध्यानात आलं की पट्टीखाली पानांचे आकडेही गेलेत. मग मी दुपारभर बसलो. या पानावरचं वाक्य कुठे तुटलं, ते पुढे कुठल्या पानावर जोडतं, असं वाचून वाचून गठ्ठा लावला. सत्तराच्या घरातल्या या माणसाला स्वतःचंच कौतुक वाटलं. एका पानावर अयोध्याचा बैल होता, ढिगाऱ्यापाशी उभा. त्याचे खूर पट्टीखाली गेले होते. वाईट वाटलं, पण म्हटलं असू दे. लाल कापडाची जिल्द बांधली आणि उशाला ठेवली.

महिनाही झाला नाही, अर्शी एका संध्याकाळी कामावरून आली ती चप्पल न काढताच खाटेवर बसली. फोनवरच्या कुठल्याशा ग्रुपवर तिचं अख्खं पुस्तक फुकट फिरत होतं. हजारांनी लोकांनी घेतलं होतं. तिच्याकडची विक्री आठवडाभर शून्य होती.

"तळाला नाव कुणाचं हाय?" मी विचारलं.

"तेच तर! कुणाचंच न्हाई. नावं न्हाईत, पानांचे आकडे न्हाईत. अशी कोरी प्रत जगात एकाच माणसाकडे होती." तिने मान वर केली. "चित्रं बसवायला मी अयोध्याला दिली होती ती."

"ती असं करील का?"

"मग कोण करील? सांगा की. तिसरं माणूस आणू कुठून?"

"तू ते चोरीचं उघडून नीट बघितलंस का?"

"पहिली दोन पानं बघितली. पुढं बघवलं न्हाई, दादा. आपलंच मढं कशाला उघडून बघायचं?"

तिने माझ्यासमोर अयोध्याला फोन लावला. मी चहा पीत होतो. अर्शीचंच बोलणं ऐकू येत होतं, आणि ते चांगलं नव्हतं. शेवटी ती म्हणाली, "आमच्या घरात राहून, आमचं खाऊन तू हे केलंस," आणि फोन ठेवला. आमच्या घरात आजवर कुणी कुणाचं खाल्लेलं काढलं नव्हतं. मी कप खाली ठेवला, पण बोललो काहीच नाही. माझ्या डोक्यात आलंच नाही. पेन ड्राइव्ह तर माझ्या खिशात होती. माझ्या हिशेबी जी वस्तू आपण दुकानात नेली आणि परत आणली, ती परत आलेली असते. रजिस्टर बांधायला येतं आणि बांधून जातं, मागे दुकानात रजिस्टर उरत नाही.

आठ-दहा दिवसांनी, एका शनिवारी, अफसाना नावाची मुलगी दुकानात आली. हिमायतनगरची, इथे क्लासला. तिच्या होस्टेलात फोन जमा करून घेतात, रविवारी तासभर देतात.

"चाचा, चार सेट बांधून द्या. पुढच्या रविवारच्या आत पाहिजेत. पोरी भांडून ऱ्हायल्यात कारभारी कोण व्हायचं म्हणून."

"कसल्या नोट्स हायत?"

"नोट्स न्हाईत हो, खेळ हाय. आम्ही तीन रविवार झाले खेळून ऱ्हायलोत. आमचं गाव दोनदा बसलं, आता तिसऱ्यांदा उठवतोय." ती हसली. "मी नर्स हाय त्यात. खरी डॉक्टर कधी होईन ते होईन."

मी गठ्ठा हातात घेतला. पानांना आकडे नव्हते. पहिल्या पानाच्या तळाशी, जिथे लेखन कुणाचं आणि चित्रं कुणाची ते छापलेलं असतं, तिथे कोरं होतं. मी भराभर उलटत बैलापाशी आलो. बैलाला खूर नव्हते.

अयोध्याकडची प्रत बाहेर गेली असती, तर बैल खुरांसकट गेला असता.

अफसानाला सोमवारी ये म्हटलं आणि मोहसीनकडे गेलो. तो मशीनची शाई बदलत होता.

"मोहसीन, माझ्या नातीचं पुस्तक तू कुणाला दिलंस?"

"दिलं की, चचा. दोघा-तिघांनी छापलेलं पान बघितलं, म्हणाले आम्हाला पण पाहिजे. फाइल तर समोरच होती, डेस्कटॉपवर."

"पेन ड्राइव्ह मी नेली होती."

"पेन ड्राइव्ह नेली, फाइल ऱ्हायली. ती कुठं जाते?" मग माझं तोंड बघून त्याने हातातली बाटली खाली ठेवली. "विकायची होती का ती? तुम्ही काही बोललाच न्हाई. मी तर सगळ्यांना अभिमानानं सांगितलं, आपल्या चचांच्या नातीनं लिहिलंय."

त्याने शाईचे हात पुसले.

"एक विचारू? रागवू नका. ह्या क्लासच्या नोट्स त्या क्लासची पोरं आणतात. मी छापतो, तुम्ही बांधता. त्या कुणाच्या असतात, हे आपण कधी विचारलं?"

नव्हतं विचारलं. कागद कुणाचा आहे हे जिल्दसाजाने विचारायचं नसतं, असं उस्ताद सांगायचे, आणि ते मला सोयीचंही होतं.

दुकानात येऊन माझ्या कापायच्या मशीनपाशी बसलो. चार गठ्ठे समोर होते. मी बोललो नसतो तर हे कुणालाही कळलं नसतं. मोहसीन बोलणार नव्हता. अर्शीने ती प्रत पुन्हा उघडली नसती. आणि माझ्या घरात, माझ्या नातीच्या नजरेत, मी दादाच राहिलो असतो. पण तळाला तेव्हा माझं नाव होतं. ते पात्यापासून वाचवायला मी पट्टी टाकायला लावली, आणि पातं अयोध्याच्या नावावर पडलं. मारोतीची पट्टी निदान पोत्यात तरी पडली होती. ही कुठल्या पोत्यात शोधणार?

संध्याकाळी अर्शी घरी आली. मी लाल जिल्दीची प्रत बैलाच्या पानावर उघडून तिच्यापुढे ठेवली आणि शेजारी अफसानाचं पान ठेवलं.

"हे मोहसीनच्या दुकानातून गेलं. नाव मी काढायला लावलं. फाइल तिथं ऱ्हाते, हे मला ठाऊक नव्हतं."

तिने दोन्ही पानांवर बैलाखालून बोट फिरवलं.

"तुम्ही इथंच बसला होता, दादा. मी तिला ते बोलले तेव्हा."

"हाव."

"चहा पीत होता."

"तवा मला ठाऊक नव्हतं, बेटा. आज दुपारी कळलं."

"ह्या बैलाच्या खुरांसाठी ती तीन दिवस बसली होती," अर्शी म्हणाली. "चिखलात रुतलेले दिसले पाहिजेत म्हणत होती. मी एकदा ते पान उघडलं असतं तर..." तिने फोन घेतला, लावला. पुन्हा लावला. तिकडून कुणी उचलला नाही.

दुसऱ्या दिवशी मी नांदेडची एसटी धरली. अर्शी येते म्हणाली, पण मी नको म्हटलं. माझा भाग आधी माझ्या तोंडाने पोचला पाहिजे होता. पिशवीत लाल प्रत होती आणि जाड पांढऱ्या कागदाच्या, दोन बोटं रुंद कापलेल्या चाळीस पट्ट्या होत्या.

अयोध्याची खोली दुसऱ्या मजल्यावर. रविवार होता, ती घरीच होती. दार उघडून तिने मला आत घेतलं, पाणी दिलं, पण नेहमीसारखं "जिल्दवाले आजोबा" म्हणाली नाही. खाटेवर ग्यानोबा बसला होता. मोतीबिंदू काढायला आला होता, एका डोळ्यावर हिरवी पट्टी.

"कोण? रसूलभाई? पावलावरनं वळखलं. लई हळू चालाया लागले तुम्ही."

मी बसलो आणि सगळं सांगितलं. माझं नाव, मोहसीनची पट्टी, खूर, माझ्या खिशातली पेन ड्राइव्ह. एकही गोष्ट मागे ठेवली नाही.

मग ग्यानोबा म्हणाला, "रसूलभाई, तुमचं पातं लई लांब पोचतं बघा."

मी लाल प्रत काढून अयोध्यापुढे ठेवली.

अयोध्या प्रत उलटत बैलापाशी आली. "तिनं हे पान बघितलंच न्हाई?"

"न्हाई. आता बघितलं. फोन लावून ऱ्हायली तुला."

"बघितलं मी. उचलला न्हाई." तिने प्रत मिटली. "तुमचा मला राग न्हाई, आजोबा. तुम्हाला फाइल ठाऊक नव्हती. तिला मी ठाऊक होते ना? दोन वर्षं तिच्या उशाशी झोपले मी."

मी पिशवीतून पट्ट्या काढून तिच्यापुढे ठेवल्या.

"ह्याच्यावर तुझं नाव लिहून दे. पहिल्या पानाच्या तळाला, होतं तिथं मी चिकटवतो."

"कुठल्या प्रतीला?"

"माझ्या हाताखालून जाईल तिला."

"आणि हजारांनी फोनवर फिरतायत त्यांना कुठं खळ लावणार तुम्ही?"

"त्यांना न्हाई लागणार. ते झालं ते झालं. लातुरात पोरी कागदावर खेळतात, बांधायला माझ्याकडेच येतात. तेवढं माझ्या हातात हाय."

ग्यानोबाने चाचपत एक पट्टी उचलली आणि बोटांनी तिची रुंदी मापली. ही रुंदी त्याच्या बोटांना माहीत होती.

"लिही गं पोरी," तो म्हणाला. "नाव ज्याचं त्याच्या जागी असावं. रुसायचं ते रूस, पर लिही."

अयोध्याने पेन घेतलं. मी फक्त तिचं नाव मागितलं होतं. तिने पट्टीवर आधी लिहिलं, लेखन : अर्शी. मग त्याच ओळीत पुढे, चित्रं : अयोध्या. अक्षर सुरेख, ठसठशीत. दुसरी घेतली, तिसरी घेतली. चाळीसही पट्ट्या तिने तशाच लिहिल्या, एकीवरही घाई केली नाही.

निघताना ती जिन्यापर्यंत आली.

"तिला सांगा, फोन मी करीन. आज न्हाई. कधी ते पण सांगत न्हाई. पर मी करीन."

"सांगतो."

"आणि बैल असाच ऱ्हाऊ द्या तुमच्या प्रतीत. मी येईन तवा खूर काढून देईन, आजोबा."

सोमवारी अर्शी कामावर जाण्याआधी दुकानात आली. मी अफसानाचे चार सेट शिवले होते. पहिल्या सेटच्या पहिल्या पानावर खळ लावून पट्टी बसवत होतो. अयोध्याचा निरोप मी रात्रीच सांगितला होता, पट्ट्यांचं सांगितलं नव्हतं. तिने वाकून वाचलं. अक्षर ओळखलं. आपलं नाव आधी लिहिलेलं बघितलं.

"खळ ओली हाय का अजून?"

"हाय."

तिने पर्स खाली ठेवली, पट्टीवर आडवा हात ठेवला आणि कामाला उशीर होत असतानाही ती वाळेपर्यंत तशीच उभी राहिली.